पाणी मागणाऱ्याचा रंग

मी पेंटर आहे. बेंबळीत माझं दुकान आहे आणि लोक मला नावानं नाही, 'ओ पेंटर' म्हणूनच हाक मारतात. फ्लेक्स आला आणि दुकानांच्या पाट्या गेल्या, निवडणुकीच्या भिंती गेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पोराबाळांची नावं टाकायची तेवढं काम उरलं. देवांनी मात्र मला सोडलं नाही. देवळाच्या भिंतीवर फ्लेक्स ठोकणं अजून तरी कुणाला बरं वाटत नाही. त्यामुळे आसपासच्या गावांतले मारुती, राम, दत्त, लक्ष्मी, बहुतेक सगळे माझ्या हातून गेलेत. देव कसा काढायचा हे मला कुणी शिकवू नये, असा माझा एक ताठा होता. त्या ताठ्याला पहिला तडा गेला तो येशूच्या चित्रापायी.

बेंबळीहून मोटारसायकलवर अर्ध्या तासात पोचता येईल असं एक गाव आहे. गाव संपल्यावर ओढा, ओढ्याच्या पलीकडे वस्ती. त्या वस्तीतली बरीचशी घरं दोन-तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली हे त्यांचं प्रार्थनाघर. दर रविवारी धाराशिवहून त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, स्कूटरवर येतात. मोठा मोकळा माणूस. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "येशू कधी काढलाय का?" मी म्हणालो, "काढला नाही, पण दाखवा, काढतो. देव तो देव." ते हसले. का हसले ते मला नंतर कळलं.

तिथं भिंतीवर काचेत बसवलेलं एक जुनं छापील चित्र होतं. पावसाळ्यात पत्रा गळला, काचेच्या आत पाणी शिरलं आणि कागद फुगून त्याचे पापुद्रे सुटायला लागले. म्हणून तेच चित्र आता थेट भिंतीवर मोठं काढून घ्यायचं ठरलं होतं. चित्रात एक विहीर होती. विहिरीच्या कडेला येशू बसलेला, समोर घागर घेतलेली एक बाई. पाळकांनी गोष्ट सांगितली. ती बाई शोमरोनी. येशू यहूदी. त्या काळी यहूदी लोक शोमरोन्यांच्या हातचं काही घेत नसत. भर दुपारी, एकटा, दमलेला येशू त्या बाईला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. बाई चकित होते. तू माझ्याकडं कसं मागतोस, म्हणते. गोष्ट ऐकून मला एकदम वाटलं की ही तर आपल्याकडची आहे. विहीरसुद्धा बदलायची गरज नाही.

चित्रातला येशू मात्र आपल्याकडचा नव्हता. भुरे केस, निळे डोळे, गुलाबी गाल. बाईही मुळात तशीच असणार, पण तिच्या बाजूला भिंतीत एक फळी होती, त्या फळीवर रोज मेणबत्ती लागायची आणि तिच्या काजळीनं काचेचा तेवढा कोपरा काळवंडून गेला होता. काच पुसून बघावी असं माझ्या मनात आलं, पण कागद इतका कुजलेला की हात लावायची सोय नव्हती.

ती मेणबत्ती लावायच्या वस्तीतल्या एक मावशी. वय सांगता येणार नाही इतक्या म्हाताऱ्या, काठीसारख्या सरळ, आणि रंगानं काळ्याभोर. लग्न होऊन वस्तीत आल्यापासून तिन्हीसांजेला प्रार्थनाघर झाडायचं, मेणबत्ती लावायची आणि चित्रासमोर बसून बोलायचं, हा सासूकडून आलेला त्यांचा नेम. प्रार्थना म्हणण्यापेक्षा बोलणंच म्हणावं लागेल. नवरा गेला ते त्यांनी तिथं सांगितलं, मुलगा गेला तेही तिथंच. खरं तर ते चित्र त्यांचंच होतं, वस्तीनं फक्त भिंत दिली होती. मी माप घेत होतो तेव्हा त्या जवळ येऊन म्हणाल्या, "जसं व्हतं तसंच काढ, बाबा. आता नव्या वळखी करून घ्यायला मला टाइम न्हाय."

"तसंच काढतो, मावशी," मी म्हणालो.

पण त्यांच्या नातीच्या डोक्यात वेगळंच होतं. ती धाराशिवला नर्सिंगला होती, होस्टेलवर राहायची, सुट्टीला घरी आलेली. रंगानं सावळी आणि आजीसारखीच ताठ. ती मला म्हणाली, "काका, हे गोरं ध्यान नका काढू. होस्टेलवर एक पोरगी मला म्हणली, तुमचा देव फॉरेनचा ना? मला काय बोलावं कळंना. तुमीच सांगा, तो सुताराचा पोरगा, उन्हातान्हात पायी हिंडणारा. तिकडंबी असंच ऊन. मंग तो दुधात बुडवलेल्या पावावानी कसा राहील?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. पाळकांनाही तिचं पटलं. त्यांनी मोबाइलवर मला चित्रं दाखवली आणि मी कामधाम सोडून बघतच बसलो. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात येशू गडद तपकिरी, डोळे बशीएवढे. चीनमध्ये त्याचेच डोळे बारीक, दाढी विरळ. युरोपात तर चक्क काळी मरियम, आणि गोरे लोक तिच्यासमोर गुडघे टेकून बसलेले. "मग खरा कुठला?" मी विचारलं. पाळक म्हणाले, "त्याच्या वेळचं चित्र कुणाकडेच नाही. ज्यानं त्यानं आपल्या शेजाऱ्याला बसवून काढलाय. गोऱ्यांनी गोरा शेजारी बसवला, आणि छापखाने त्यांच्याकडे होते, म्हणून तोच सगळीकडं पोचला."

हे ऐकून मी चाट पडलो. रात्रंदिवस रंगात हात घालणारा मी, मला असा प्रश्न कधी पडलाच नव्हता. घरी येताना गाडीवर मी माझेच देव आठवत होतो. तुळजापूरची आई काळ्या पाषाणाची. विठोबा काळा. राम निळा, कृष्ण निळा. मारुती शेंदरी. लक्ष्मी आणि सरस्वती गुलाबी. आणि आपल्या हाताच्या रंगाचा? मी आठवून आठवून थकलो. तो रंग मी राक्षसांना दिला होता, नावाड्याला दिला होता, मेंढरं राखणाऱ्याला दिला होता. माझा बाप मेंढरंच राखायचा. पण देवाला तो रंग मी आयुष्यात एकदाही लावला नव्हता. माझ्या दुकानात रंगाची एक डबी असते, तिच्यावर 'स्किन' असं लिहिलेलं असतं. ती कुणाची कातडी हे काही लिहिलेलं नसतं, पण ती आमच्या जिल्ह्यातल्या कुणाची नाही हे कुणीही सांगेल.

शेवटी पाळकांनी निकाल दिला. चित्र तेच ठेवायचं, विहीर तीच, फक्त प्रभूचा रंग आपला. मावशी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मला त्यांना दिलेला शब्द आठवला आणि जरा टोचलं, पण नात इतकी खूश होती की मी तो शब्द बाजूला ठेवला.

काम सुरू झालं. बाई एका दिवसात झाली, बायका काढायला मला वेळ लागत नाही. विहीर झाली, तिच्यावर मी हौसेनं रहाट बसवला. येशूपाशी मात्र माझा हात अडला. गेरूत पिवळी माती, थोडा काळा, असं करत करत मी आपल्याकडचा पक्का रंग जमवला आणि चेहऱ्यावर चढवला. मागं सरकून पाहतो तर भिंतीवर माझा चुलतभाऊ बसलेला! सोयाबीन घालून अडतीतून परत आलेला, दमलेला, अगदी हुबेहूब. छान होता, पण देव वाटेना. काहीतरी तेज यावं म्हणून मी त्यात जरासा निळा मिसळला. मग आणखी जरा. हातालाच ती सवय, हातानं ते परस्पर केलं. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर नात आत आली, चित्रापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ह्यो तर धनुष्य इसरून आलेला दिसतोय!"

पाळक तर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मीही हसलो, पण आतून ओशाळलो होतो. देव आहे म्हटल्यावर त्याला माणसाचा रंग द्यायला माझा हात तयार नव्हता. तो काळा चालेल, निळा चालेल, गुलाबी चालेल, पण माझ्या चुलतभावासारखा चालणार नाही, हे माझ्या हाताला कुणी शिकवलं होतं? मी निळा खरवडला आणि पुन्हा गेरूवर आलो. या खेपेला तेजबीज काही शोधलं नाही. डोळे शेवटी काढले, आमच्या धंद्यात देवाचे डोळे शेवटीच उघडतात. नारळ फोडायचा का म्हणून विचारलं, तर पाळक म्हणाले, "नको, चहा घेऊ."

रविवारी वस्ती जमली. चित्रावरचा पडदा नातीनं काढला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येशू खरंच छान झाला होता, मीच म्हणतो. उन्हानं रापलेला, ओठ कोरडे पडलेला, विहिरीच्या दगडावर टेकलेला आपला माणूस. एकानं माझा हात दाबला. एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशी काठी टेकत पुढं आल्या, चित्राच्या अगदी जवळ गेल्या, डावीकडून उजवीकडं पाहिलं, परत उजवीकडून डावीकडं पाहिलं, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

मला वाटलं, सवय होईल. पण पुढच्या आठवड्यात नातीचा फोन आला. "काका, आजी आत जातच न्हाय. मेणबत्ती माझ्याकडं देती, म्हणती तूच लाव. प्रार्थनाबी पायरीवर बसून करती, तोंड रस्त्याकडं करून. मला वाटलं तिला आवडंल. तिच्यासाठीच केलं व्हतं म्या." म्हातारपणी मावशींकडे दुसरं काय होतं? ती एक बोलायची जागा होती, आणि ती आम्ही तिघांनी मिळून रंगवून टाकली होती.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मावशी पायरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि सरळ विचारलं, "मावशी, राग आलाय का? गोराच हवा होता का तुम्हाला?"

"राग कशाचा," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "तू कुठला? गावातला आड म्हायती हाय का तुला?"

"माहीत आहे की. माझी आत्या तुमच्या गावात दिलेली. लहानपणी त्या आडाचं पाणी शेंदलंय मी."

"तू शेंदलं असशील. आमी न्हाय. आमी घागर घिऊन लांब बसायचो. कुनाला दया आली तर वरनं वाढायचं. येका येळंला दुपार व्हायची बसून बसून. म्या नवी नवरी व्हते तवा ह्या घरात ते चित्र बघितलं. गोरापान, मोठ्या घरचा दिसनारा मानूस. आन् तो माज्यासारख्या काळ्या बाईला म्हनतो, बाई, मला पानी दे. तिच्या हातचं. म्या तिथंच खाली बसले. म्हनलं, आसाबी कुनी असतंय व्हय?" त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. "म्हनून तो गोरा. गोरा व्हता म्हनून तर नवल. आमच्यातल्यानं आमच्या हातचं पानी पिलं, तर त्यात काय?"

नातीचं बरोबर होतं, पाळकांचं बरोबर होतं, आणि हेही बरोबर होतं. या बाजूनं त्या चित्राकडं कुणी पाहत असेल हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण एक गोष्ट मला समजली नव्हती. मी म्हणालो, "पण मावशी, जुन्या चित्रातली बाई कुठं काळी होती? ती तर काजळी होती."

"तुला काजळी. मला ती तशीच दिसत आली. ती म्याच व्हते." मग त्या उठल्या आणि माझ्या दंडाला धरून मला आत घेऊन गेल्या. काठीनं त्यांनी आधी येशू दाखवला. "ह्येला तू आमच्यावानी केलास. बरं केलास." मग काठी बाईकडं नेली. "आन् हिला?"

मी पाहिलं. गोबरे गुलाबी गाल, केळीच्या गाभ्यासारखे हात, कपाळावर एक कुरळी बट. त्या 'स्किन'च्या डबीतून सरळ निघालेली बाई. जिल्ह्यातल्या निम्म्या ब्यूटी पार्लरच्या पाट्यांवर मी हीच काढलेली आहे आणि देवळातली लक्ष्मीही हीच. येशूच्या रंगावर आम्ही इतके दिवस वाद घातला, मोबाइलवर जग पालथं घातलं, निळा चढवला, निळा उतरवला, आणि बाईच्या रंगाबद्दल एका शब्दानं कुणी विचारलं नाही. मी नाही, पाळकांनी नाही, आणि सगळ्यात नवल म्हणजे त्या सावळ्या पोरीनंही नाही. रविवारी एवढ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतही कुणाला ते खटकलं नव्हतं.

"समदं उलटं झालं की," मावशी म्हणाल्या. "आता काळा मानूस गोऱ्या बाईम्होरं हात पसरून बसलाय. त्ये तर आमी रोजच बघत आलो. आन् ह्यात म्या कुठं हाय? आदी निदान तिथं उभी तरी व्हते. आता आत येऊन कुनाशी बोलू?"

मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी कधी एकदा ब्रश हातात घेतो असंही झालं. मी म्हणालो, "मावशी, उद्या सकाळी इथं बसाल का? विहिरीपाशी उभी राहणारी बाई मी पुन्हा काढतो. समोर बसवून काढतो."

"माझं थोबाड भितीवर?" त्या इतक्या दचकल्या की मला वाटलं आता नाहीच म्हणणार. पण सकाळी त्या आल्या, धुवट हिरवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. नातही आली. बाईचा रंग बदलायचा राहिला होता हे तिला मी सांगितलं तेव्हा ती चित्राकडं बघत राहिली आणि मग स्वतःच्या मनगटाकडं. "मलाबी दिसलं न्हाय, काका," एवढंच म्हणाली. मग तिनंच आजीला खुर्चीवर बसवलं आणि हातात घागर दिली.

मी मावशींच्या हाताशेजारी पत्र्याचा तुकडा धरून त्यावर रंग मिसळत गेलो. हा रंग सोपा नाही. नुसता काळा घातला तर मेलेला दिसतो. त्यात खालून तांबडा हवा, कोपरापाशी जरा राखाडी, तळहाताकडं येताना एकदम पिवळसर. मोठमोठ्या देवांना मी एवढा वेळ दिला नव्हता. मावशी हलत नव्हत्या, पण तोंड चालू होतं. "नाक एवढं मोठं हाय व्हय माझं?" "केस पिकलेलं काढू नगंस, पान्याला जानारी बाई तरनीताठी पायजे." मी केस काळे केले. सुरकुत्या काढल्या नाहीत. चेहरा मात्र त्यांचाच राहू दिला, आणि रंगात कसली सवलत दिली नाही.

संध्याकाळी काम संपलं. पाळक धाराशिवहून मुद्दाम आले होते. आम्ही तिघं मागं उभे राहिलो आणि मावशी पुढं गेल्या. मला दिसत होतं की मी त्यांचं निम्मंच ऐकलं होतं. बाई त्यांची त्यांना परत दिली होती. पण गोऱ्या माणसाचं ते नवल, ज्याच्यावर त्यांनी सगळा जन्म काढला, ते मला परत देता आलं नव्हतं. भिंतीवर आता एकाच रंगाची दोन माणसं होती. मी शेवटी राहवलं नाही म्हणून बोललोच, "मावशी, तुमचं ते नवल मात्र गेलं. मोठ्या घरचा मागणारा आता राहिला नाही."

त्या चित्राच्या आणखी जवळ गेल्या आणि येशूच्या कोरड्या ओठांकडं बघत राहिल्या. मग आमच्याकडं न वळता, स्वतःशीच बोलावं तशा हळू आवाजात बोलायला लागल्या.

"व्हय, नवल गेलं. ह्यो असा, आपल्यावानी. उन्हातनं चालत आला. आदी गावातल्या आडावर गेला आसंल. लांब बसला आसंल. ह्येलाबी कुनी वाढलं नसंल." त्यांनी पदर तोंडाला लावला. "इतकी वरसं म्या समजत व्हते, की पानी मागून त्यानं माझ्यावर उपकार केलं. उपकार न्हाय, बाबा. त्येला तहान लागली व्हती."